करंट हाय तवर

अनंत चतुर्दशी होऊन गेली होती. गुरुवार होता. पहाटे आक्कानं मोटर लावली, टाकी भरली, मोटर बंद केली. मग गीझर लावला. पाणी तापल्यावर तो बंद केला आणि मागच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसली. मी उठून गेले तेव्हा ती भिंतीला टेकून होती. मी हाक मारली. डॉक्टर आले, त्यांनी पाहिलं आणि सांगितलं. दुपारी सदलग्याहून अण्णा आला, वहिनी आली. दिवस मावळायच्या आत पुरुषमंडळी आक्काला घेऊन गेली.

आक्का माझी थोरली बहीण. अण्णा आम्हा दोघींमधला भाऊ. मी धाकटी.

तिला नेल्यावर घरातल्या बायकांनी अंघोळी करायच्या होत्या. वहिनी म्हणाली, "तू आधी घे जा." मी न्हाणीत जाऊन कडी लावली आणि नळ सोडला. कुठला नळ सोडतेय याकडे माझं लक्ष नव्हतं. बादलीत हात घातला तर पाणी गरम होतं. नुसतं कोमट नव्हे, अंगावर घेताना थोडं गार मिसळावं लागेल इतकं गरम. गीझरचा दिवा बंद होता. कुणी लावला असेल म्हणून मी आतूनच वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "न्हाई बाई, आम्ही कोण हात लावतोय त्याला?"

म्हणजे ते पहाटेचं पाणी होतं. आक्कानं तापवून ठेवलेलं. तिची अंघोळ व्हायची राहिली होती, माझी राहिली होती, आणि गीझरच्या टाकीनं ते दिवसभर धरून ठेवलं होतं. मी थांबले. हे पाणी वापरावं की नाही, ते मला कळेना. बाहेर बायका वाट बघत होत्या. शेवटी मी तांब्या बुडवला.

उरलेलं पाणी वहिनीनं आणि तिच्या सुनेनं घेतलं. मागून आलेल्यांना गार पाणी लागलं.

आमचा गीझर मोठा आहे. दोघींच्या घराला एवढा कशाला, असं येणारे-जाणारे विचारत. तो आक्कानं निवडला होता. मी बेळगावच्या एका कॉलेजात ग्रंथपाल म्हणून लागले आणि टिळकवाडीत भाड्यानं खोली घेतली, तेव्हा आक्का माझी घडी बसवून द्यायला चार दिवसांसाठी म्हणून आली. तिचा नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला होता आणि ती माहेरी, सदलग्याला परत आली होती. येताना एका पिशवीत दोन लुगडी, पाणी गाळायचं फडकं आणि पोत्यात बांधलेला तांब्याचा बंब घेऊन आली. बंब बघून घरमालकीण म्हणाली, इथं धूर चालणार नाही. तो माळ्यावर गेला, आणि आक्का राहिली. पुढं आम्ही हे छोटं घर घेतलं तेव्हा बंबही आमच्याबरोबर आला आणि पुन्हा माळ्यावरच गेला.

गीझर घ्यायचं ठरलं तेव्हा दुकानदारानं लगेच पाणी तापवणारा, भिंतीवर डब्यासारखा बसणारा छोटा गीझर दाखवला. नळ सोडला की गरम पाणी येतं, म्हणाला. आक्कानं विचारलं, "आन् करंट गेल्यावर?" दुकानदार म्हणाला, मग नाही येणार. आक्का टाकीवाल्या गीझरकडे वळली. "ह्यात ऱ्हातंय न्हवं? मग ह्योच द्या."

हे समजायला सदलग्याचं रान माहीत असावं लागतं. तिथं मोटरीला लागणारं थ्री फेज करंट पाळीनं येतं. कधी दिवसा, कधी पहाटे. पाळी आली की घरातलं एक माणूस विहिरीकडे पळतं, एक पाटाच्या तोंडाशी खोरं घेऊन उभं राहतं, आणि पाळी संपायच्या आत भिजेल तेवढं भिजवून घ्यायचं असतं. आमच्या लहानपणी हे काम वडिलांचं, म्हणजे आप्पांचं, आणि आक्काचं होतं. मोटर सुरू झाली की आप्पा विहिरीवरून ओरडून सांगायचे, आक्का पाटावरून ओ द्यायची. बंद केली तरी ओरडून सांगायचं. मधे ऊस उभा, माणूस दिसत नाही. आवाजावरच सगळं चालायचं. मी घरात पुस्तक घेऊन बसलेली असे. माझ्यापर्यंत ते आवाज यायचे, पण त्यात मला काही करायचं नसायचं.

बेळगावला येऊन एवढी वर्षं झाली तरी आक्काचं तेच. आमच्याकडे चोवीस तास वीज असे, कधी गेलीच तर तासाभरात येई. तरी ती पहाटे उठून सगळी विजेची कामं उरकायची. मोटर, गीझर, मग मिक्सर. "करंट हाय तवर करून घ्यावं गं," म्हणायची. आणि प्रत्येक गोष्ट ओरडून सांगायची. "मोटर लावलो गं!" आमच्याकडच्या बायकांच्या तोंडी असंच येतं, लावलो, आलो, गेलो. थोड्या वेळानं, "मोटर बंद झाली गं!" मग, "गीझर लावलो!" मी अंथरुणात कूस बदलायची. हे ती मला सांगत होती की पाटाच्या टोकाच्या कुणाला, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही. पहाटेचा तो आवाजच होता, दूधवाल्याच्या सायकलीसारखा.

पडवीत जुनं मीटर होतं. काळी पेटी, पुढं काच, आत ॲल्युमिनियमची चकती आणि तिच्या कडेला एक लाल खूण. विजेवर काही चाललेलं असलं की चकती फिरायची. बाहेर पडताना कुलूप लावायच्या आधी आक्का मीटरसमोर उभी राही आणि लाल खूण फिरून परत यायची वाट बघे. सावकाश आली तर फ्रिज, बाकी सगळं बंद. जलद आली तर काहीतरी चालू राहिलंय. मी रिक्षाजवळ उभी, रिक्षावाला घड्याळ बघतोय, आणि आक्का मीटर बघतेय.

"गरगर फिराय लागलंय. काय ठेवलीयास गं आत?"

"काही नाही."

"इस्त्री," ती म्हणायची आणि आत जायची. बहुतेक वेळा इस्त्रीच असायची.

महिन्याच्या महिन्याला मीटर बघायला एक माणूस यायचा. गळ्यात छोटं यंत्र अडकवलेलं. आकडा टिपून बिलाची पट्टी फाडून द्यायचा. आक्का त्याच्याशी कानडीत बोलायची. त्याच्या मुलीच्या परीक्षा, गावाकडची तूर. आक्का गेल्यावर तो आला तेव्हा त्यानं विचारलं, अक्का कुठं आहेत? मी सांगितलं. त्यानं यंत्र हातातच धरून ठेवलं आणि काही वेळानं पट्टी न देताच निघाला. फाटकापर्यंत जाऊन परत आला आणि पट्टी दिली.

त्या दिवसांत अण्णाचा फोन रोज संध्याकाळी यायचा. आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवण होतं. जेवण झालं, भांडी झाली, की झोपेपर्यंतचा वेळ मोठा असतो. पूर्वी त्या वेळात आक्का माळ घेऊन बसायची आणि मी वाचायची. दोघी बोलायचो असं नाही. आता मी पुस्तक उघडायची आणि एकच पान पुढं ठेवून बसायची. त्या वेळेला अण्णाचा फोन.

"जेवलीस?"

"व्हय."

"एकटी काय करतीस गं तिथं? हितं घर भरलंय. तुला वरची खोली देतो. पुस्तकं आण की सगळी, कोण न्हाई म्हणतंय?"

"बघू."

"बघू काय? ऊस तुटला की गाडी रिकामी हुतीया. घेऊन येतो."

हे त्याचं ठरलं होतं. कारखान्याची टोळी आली, ऊस तुटला, की टेंपो घेऊन यायचं आणि मला न्यायचं. मी हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. त्याचं बोलणं खरं होतं. मला या घरातलं काही येत नव्हतं असं नाही, पण घर चालवणं म्हणजे काय हे मी कधी बघितलंही नव्हतं. मी निवृत्त झाले होते, तरी ग्रंथालयातली पुस्तकं कुठल्या कपाटात आहेत ते मी झोपेत सांगितलं असतं. घरातला टाकीचा कॉक कुठं आहे ते मला आक्का गेल्यावर शोधावं लागलं.

थंडी पडली. बेळगावची थंडी पहाटे चांगलीच बोचते, समोरचा रस्ता धुक्यात दिसत नाही. त्या दिवसांत आमच्या गल्लीत जुनी मीटरं काढून स्मार्ट मीटर बसवायचं काम आलं. दोघं जण आले, एकाच्या खांद्यावर शिडी.

"आज्जी, मेन कुठं हाय?"

मी आज्जी नाही, हे सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. पडवी दाखवली.

"हे काढायचं?" मी विचारलं.

"सगळ्यांचंच काढाय लागलाव. आता मीटर बघायला माणूस यायचा न्हाई. हापिसात बसल्या जागी कळतंय सगळं."

"सगळं म्हणजे?"

"किती लावलासा, कवा लावलासा. सगळं."

त्यानं घरात येऊन काय काय आहे ते बघितलं. न्हाणीच्या दारात थांबून गीझरकडे मान वर करून म्हणाला, "एवढा मोठा? घरात माणसं किती?"

"एक," मी म्हटलं.

हा आकडा मी तोवर कुणाला सांगितला नव्हता. शिडीवरचा माणूस बाहेरून कानडीत काहीतरी म्हणाला आणि हा हसला. मला कानडी येतं. तो म्हणाला होता, बाईंना विचारत बसलास तर आज गल्ली संपत नाही.

जुनं मीटर त्यांनी उचकटून जमिनीवर ठेवलं. चकती थांबली होती. लाल खूण मागच्या बाजूला कुठंतरी राहिली होती, काचेतून दिसत नव्हती. मी वाकून बघत होते. तो माणूस हत्यारं पिशवीत भरता भरता मला काही सांगत होता. गीझर, मोटर, एकदम, लोड, असे शब्द कानावर आले. मी मान हलवली. "आयतु," झालं, म्हणून ते निघाले. जुनं मीटर घेऊन गेले. भिंतीवर त्याच्या आकाराचा चौकोन राहिला आणि त्याच्या मधे एक पांढरी, गुळगुळीत पेटी. तिच्यावर एक लाल ठिपका लुकलुकत होता. त्याच्याकडे बघून घरात काय चाललंय ते मला सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले. आक्का गेल्यापासून मी एक बदल केला होता. ती मोटर बंद करून मग गीझर लावायची, मी दोन्ही बटणं एकदम दाबून परत पांघरुणात शिरायची. दिवे जरा मंद व्हायचे, एवढंच. त्या पहाटे दोन्ही बटणं दाबली, आणि थोड्या वेळानं अंधार झाला. मोटरीचा आवाज खाली खाली जात थांबला.

करंट गेलं, असं मी मनाशी म्हटलं. अंधारात खुर्चीवर बसून राहिले. काही मिनिटांनी दिवा आला.

त्या क्षणी मी जे केलं ते सदलग्याबाहेरचं माणूस करणार नाही. करंट आलं होतं आणि ते पुन्हा कधी जाईल याचा नेम नव्हता. मी धावत मोटर लावली, गीझर लावला. आता गेलं तर दिवसभर यायचं नाही म्हणून मिक्सरमध्ये खोबरं-डाळं घालून तोही लावला, फोन चार्जिंगला लावला, इस्त्री तापत ठेवली. अनवाणी, या खोलीतून त्या खोलीत. कानात आक्काचं बोलणं होतं, घे, घे करून घे, करंट हाय तवर. मिक्सरनं दोन गिरक्या घेतल्या आणि पुन्हा अंधार.

पुन्हा आलं. पुन्हा मी सगळं लावलं, या वेळी आणखी घाईनं. पुन्हा गेलं.

मग येईना. मी मागचं दार उघडून पायरीवर आले. उजाडू लागलं होतं. कुंपणाच्या भिंतीपलीकडे शेजारच्या वकीलबाईंच्या स्वयंपाकघरात दिवा होता, धूर बाहेर टाकणारा पंखा फिरत होता. फोडणीचा वास येत होता. मी बघत राहिले.

"काकू, काय झालं?" त्यांनी खिडकीतून विचारलं.

"करंट नाही."

"आमच्यात हाय की. सगळ्यांच्यात हाय. तुमच्या एकट्यांच्यातच गेलंय वाटतं."

मी आत आले. न्हाणीत बादली नळाखाली तशीच होती. टाकी अर्धी, पाणी गार, मिक्सरमध्ये चटणी ना वाटलेली ना अख्खी. अंगावर स्वेटर होता तरी मला हुडहुडी भरली. मी अण्णाला फोन लावला. तो रानात होता, मागं ट्रॅक्टरचा आवाज.

"बघ. म्हणून सांगतोय," तो म्हणाला. "मीटरबिटर कशाला बसवून घेतलीस?"

"मी कुठं बसवलं? त्यांनीच बसवलं."

"हितं आलीस तर ह्यातलं काय तुझ्या डोक्याला लागणार न्हाई. शेवटची खेप दोन दिसात जातीया. रविवारी गाडी घेऊन येतो. बांधून ठेव सामान."

"बरं," मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की मी हो म्हणाले.

वकीलबाई कोर्टात जायच्या आधी येऊन गेल्या. त्यांच्याकडचं मीटर आमच्या आधी बदललं होतं. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, त्यावर आलेला निरोप वाचला आणि समजावलं. या घराला जेवढा भार मंजूर आहे त्यापेक्षा जास्त ओढला की हे मीटर आपणच वीज तोडतं, थोड्या वेळानं जोडून बघतं, पुन्हा तेच दिसलं की पुन्हा तोडतं. फार वेळा झालं की बराच वेळ थांबतं.

"आमच्यात पण झालंतं पहिल्या दिवशी," त्या म्हणाल्या. "आमचे हे ओव्हनला शिव्या घालत बसलेले. एकेक लावायचं काकू, बास. जुनं मीटर बिचारं गप ओढायचं सगळं."

त्यांनी फोनमध्ये मीटरचं ॲपही घालून दिलं. त्यात दिवसाची आकृती दिसते; वेळेप्रमाणे उभ्या काठ्या, जेवढी वीज तेवढी उंच काठी. त्या गेल्यावर मी ती उघडून बसले. पहाटे तुटक तुटक उंच काठ्या होत्या, माझ्या धावपळीच्या. त्यानंतर काही नाही. मग वीज परत आल्यापासून तळाशी एकसारखी, बुटकी ओळ. फ्रिजची. घरात माणूस आहे की नाही हे त्या ओळीवरून कळत नव्हतं. संध्याकाळी पुन्हा बघितलं. ओळ तशीच पुढं गेली होती. मी दिवसभर त्या घरात होते, वावरले होते, जेवले होते.

अंथरुणावर पडल्यावर मला आक्काचा क्रम आठवायला लागला. मोटर लावली. मोटर बंद झाली. गीझर लावला. गीझर बंद झाला. मग मिक्सर. जुन्या मीटरनं तिला कधी अडवलं नव्हतं, तरी तिनं दोन गोष्टी एका वेळी कधी चालवल्या नाहीत. रानात मोटर चालू असताना वस्तीवरचे दिवे तांबडे पडायचे. लाइनीवर मोटर एकटी असावी, नाहीतर जळते, हे आप्पांचं सांगणं असणार. तेच ती टिळकवाडीत पाळत होती. आणि ओरडून सांगत होती, कारण दुसरं माणूस जागं असेल, काही लावायला जाईल, तर त्याला कळावं. त्या घरात दुसरं माणूस मी होते.

दुसऱ्या पहाटे मी तिच्या क्रमानं गेले. मोटर लावली आणि तिच्याशेजारीच उभी राहिले. टाकी भरून पाणी पन्हाळीतून पडायला लागलं तशी बंद केली. "मोटर बंद झाली," मी म्हटलं. आवाज घोगरा निघाला. आदल्या संध्याकाळी अण्णाचा फोन ठेवल्यानंतर मी कुणाशी बोललेच नव्हते. मग गीझर. त्याचा दिवा विझेपर्यंत मी स्वयंपाकघरात बसून राहिले, बटण बंद केलं, मग मिक्सर लावला. दिवा गेला नाही. खोबऱ्याची चटणी झाली. फोनमध्ये नंतर बघितलं तर काठ्या एकीमागं एक उभ्या होत्या, मधे जागा ठेवून. आक्काची रोजची पहाट अशीच दिसली असती. जुन्या मीटरनं ती कुठं ठेवली नाही.

मी सामान बांधायला काढलं. पुस्तकांचे गठ्ठे केले, सुतळीनं आवळले. एक कपाट रिकामं झाल्यावर मी थांबले. सदलग्याचं घर मला नजरेसमोर दिसत होतं. वरची खोली, खाली माणसं, पोरांचा दंगा, वहिनीच्या हाका. तिथं कुणी मला एकटी पडू देणार नव्हतं. पण तिथं आक्का कितीतरी वर्षांपूर्वीच निघून गेलेली होती. त्या घराला तिच्यावाचून चालायची सवय होती. तिची उणीव जिथं भासते ती जागा हीच, न्हाणी आणि मोटरीचं बटण यांच्या मधली. तिथून उठून गेले तर ती उणीवही माझ्याकडे राहणार नव्हती. हे अण्णाला कसं सांगायचं ते मला सुचेना. मी गठ्ठे तसेच ठेवून झोपले.

रविवारी तो सकाळीच आला. अंगावर मफलर, टेंपो चालवायला गावचाच एक माणूस. रात्रभर शेवटचा ट्रॅक्टर भरून दोघं तसेच निघाले होते, डोळे लाल झाले होते.

"अंघोळ कर आधी," मी म्हटलं.

"गार पाण्यानं? बेळगावात? मारतीस काय मला?"

"तापलंय."

तो न्हाणीत गेला. आतून बराच वेळ तांब्याचा आवाज येत राहिला. आक्का गेल्यापासून गीझरमधलं दुसऱ्या बादलीचं पाणी रोज तसंच निवून जायचं. त्या दिवशी ते वापरलं गेलं. अण्णा डोकं पुसत बाहेर आला. कपाळ लाल झालं होतं.

"कढत व्हतं की," तो म्हणाला. "आक्काच्या वक्ताला असंच असायचं."

मी चहा दिला. ड्रायव्हरला पडवीत दिला. अण्णानं पुस्तकांच्या गठ्ठ्यांकडे बघितलं, उरलेल्या भरल्या कपाटांकडे बघितलं.

"हे एवढंच बांधलीस? काय काय न्यायचं?"

"बंब ने."

"बंब?"

"माळ्यावर हाय. आक्कानं आणलेला. तुमच्याकडं चालतो धूर."

"आन् तू?"

"मी न्हाई येत, अण्णा."

तो कप खाली ठेवेना. "करंट गेलं म्हणून रडत फोन केलीस. परवाच."

"रडले न्हाई. आता न्हाई जात करंट. एकेक लावलं की जात न्हाई."

"उद्या आजारी पडलीस तर?"

"फोन करीन."

"आक्कानं केलता व्हय फोन?"

ती पायरीवर बसली होती आणि मी पलीकडच्या खोलीत होते, तिनं मलासुद्धा हाक मारली नव्हती. पडवीत ड्रायव्हर खोकला.

"येडी हायस," शेवटी अण्णा म्हणाला. "ती बी अशीच. चार दिसासाठी जातो म्हणून गेली."

तो उठला. शिडी मागितली. माळ्यावरून बंब काढताना त्याच्या मफलरभर धूळ पडली. बंब हिरवट-काळा झाला होता, पोत्याच्या चिंध्या त्याला चिकटल्या होत्या. दोघांनी धरून तो टेंपोत नेला. एवढ्या मोठ्या गाडीत तो मधोमध उभा राहिला. घरंगळू नये म्हणून अण्णानं त्याला दोरीनं बांधला.

"एवढंच?" ड्रायव्हरनं विचारलं.

"एवढंच," अण्णा म्हणाला. निघायच्या आधी तो पडवीत परत येऊन नव्या मीटरकडे बघत राहिला. "ह्यात फिरतंय काय?"

"काय न्हाई. नुसता दिवा लुकलुकतोय."

"मग कळतंय कसं?"

"मला न्हाई कळत," मी म्हटलं. "मी आत जाऊन बघते."

त्याचा फोन अजून रोज संध्याकाळी येतो. जेवलीस का विचारतो, पण गाडीचं काढत नाही. बंबाला कल्हई लावून घेतली, चांगला चालतो, असं त्यानं एकदा सांगितलं.

पुस्तकं मी कपाटात परत लावली. मीटर बघायला आता कुणी येत नाही. पहाटे मी मोटर लावते, बंद करते, मग गीझर लावते, बंद करते. प्रत्येक वेळी तसं म्हणते. एक बादली पाणी मी घेते. एक बादलीचं पाणी गीझरमध्ये राहतं आणि संध्याकाळी भांडी घासते तेव्हा ते अजून कोमट असतं.